एडिसनचा प्लेअर अपडेट झाला आणि लोकांची जुनी गाणी वाजेनाशी झाली

व्हिडिओ प्लेअरचं अपडेट आलं, तुम्ही ते टाकलं आणि कालपर्यंत मस्त चालणारा व्हिडिओ आज चालेना, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं झालं असेल. कधी चित्र दिसतं पण आवाज गायब. कधी आवाज येतो आणि स्क्रीन काळी ठिक्कर. कधी फॉरमॅट सपोर्टेड नाही असा कोरडा मेसेज. फाईल तीच, फोन तोच, बदललाय फक्त प्लेअर. मग आपण फाईललाच दोष देतो, डिलीट करतो आणि मोकळे होतो.

हा त्रास स्मार्टफोनबरोबर आलेला नाही बरं का. शंभर वर्षांहून जास्त झाली, अमेरिकेत लोकांच्या दिवाणखान्यात अगदी हेच होत होतं. नवीन प्लेअर घरी आणला आणि कपाटातली जुनी गाणी त्यावर वाजेनात. तो प्लेअर बनवणारा माणूस तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, थॉमस अल्वा एडिसन. बल्बवाला एडिसन सगळ्यांना ठाऊक असतो. आज आपण फॉरमॅटवाला एडिसन बघूया. याच माणसाने बनवलेला एक फॉरमॅट जगभर शंभर वर्षं चालला आणि दुसरा, जो आवाजाला कितीतरी सरस होता, तो त्याच्या डोळ्यांसमोर संपला.

रेल्वेत पेपर विकणारा पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायलन या छोट्या गावातला. पुढे घर मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला गेलं. शाळा फार टिकली नाही. आई नॅन्सीने घरीच शिकवलं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू यायचं आणि वय वाढत गेलं तसं ते आणखी कमी होत गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८६२ मध्ये रुळांवर आलेल्या एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने वाचवलं. स्टेशनमास्तरने उपकार फेडायचे म्हणून त्याला टेलिग्राफ शिकवला. इथून त्याचं खरं शिक्षण सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. टेलिग्राफ म्हणजे काय? तारेतून जातं ते फक्त कट्ट आणि कड्कट्ट. अर्थ दोन्ही टोकांच्या माणसांच्या डोक्यात असतो. पाठवणाऱ्याने ज्या नियमाने अक्षरांचे ठिपके-रेषा केले, तोच नियम ऐकणाऱ्याला माहीत हवा. गंमत म्हणजे तेव्हाही दोन नियम होते. अमेरिकेतला मोर्स कोड वेगळा आणि युरोपात चालणारा वेगळा, काही अक्षरं जुळायची, काही नाही. म्हणजे एडिसनच्या हातातलं पहिलं तंत्रज्ञानच कोडेकच्या भानगडीचं होतं. त्याला ते इतकं आवडायचं की पुढे पहिल्या दोन मुलांची लाडाची नावं त्याने डॉट आणि डॅश ठेवली.

१८६९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं, विधानसभेत मतं मोजायच्या विजेच्या यंत्राचं. कोणी घेतलं नाही. मग शेअरबाजाराचे भाव छापणारी यंत्रं, एकाच तारेतून एकाच वेळी चार संदेश पाठवायची युक्ती, असं करत पैसा आला आणि १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला त्याने स्वतःची लॅब उभारली.

आवाज पकडला, पण फाईल सेव्ह होईना

१८७७ च्या शेवटी याच लॅबमध्ये फोनोग्राफ तयार झाला. एका गोल नळीवर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, भोंग्यात बोलायचं, आवाजाने पडदा हलतो, पडद्याला लावलेली सुई पत्र्यावर खड्डे करत जाते. नंतर सुई परत त्याच वाटेने फिरवली की आवाज येतो. माणसाने उच्चारलेला आवाज पुन्हा ऐकू येणं ही तेव्हा जादूच होती, आणि एडिसन रातोरात प्रसिद्ध झाला.

पण त्यात एक मोठी अडचण होती. पत्रा एकदा नळीवरून काढला की परत नीट बसवता यायचा नाही. म्हणजे रेकॉर्डिंग त्याच मशीनवर, तेव्हाच ऐकायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर फाईल आहे पण सेव्ह करायची सोय नाही.

एडिसनने ते तिथेच सोडलं आणि दहा वर्षं विजेच्या मागे गेला. १८७९ चा बल्ब, ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र, मग त्याची डीसी वीज विरुद्ध वेस्टिंगहाउसची एसी वीज हे भांडण, हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलं असेल. आपल्या विषयापुरतं एवढंच की एसी जिंकली. तरी न्यूयॉर्कमधल्या जुन्या इमारतींतल्या लिफ्ट वगैरे डीसीवरच चालत राहिल्या आणि वीज कंपनीने ती सेवा पूर्णपणे बंद केली ती थेट २००७ मध्ये. जुन्या ग्राहकांना सव्वाशे वर्षं सपोर्ट! आपल्या ॲपवाल्यांनी ऐकावं असं आहे.

दरम्यान ग्रॅहम बेलच्या लॅबमधल्या लोकांनी पत्र्याऐवजी मेण वापरून ग्राफोफोन नावाचं मशीन काढलं. एडिसनला ते झोंबलं. वेस्ट ऑरेंजला नवी, मोठी लॅब झाली होती. तिथे त्याने आपलं मशीन सुधारलं आणि १८८८ मध्ये मेणाचा सिलिंडर आणला. सिलिंडर म्हणजे गॅसचा नव्हे हो, साधारण पाण्याच्या ग्लासाएवढी पोकळ नळी. आता रेकॉर्डिंग काढून डब्यात ठेवता यायचं, दुसऱ्या मशीनवर लावता यायचं. ग्राफोफोनचे सिलिंडर मात्र वेगळ्या मापाचे, ते इकडे बसत नसत. पुढे एडिसनचं मापच सगळ्यांनी घेतलं. इथपर्यंत तो जिंकत होता.

फ्रेमला चार भोकं

१८८८ मध्येच त्याच्या डोक्यात आलं की फोनोग्राफ कानासाठी जे करतो ते डोळ्यांसाठी करणारं यंत्र हवं. पहिला प्रयत्न तर सिलिंडरवरच बारीक बारीक फोटो चिकटवायचा होता. जमला नाही. प्रत्यक्ष काम केलं ते त्याचा सहकारी डिक्सन याने. ईस्टमनच्या कंपनीची सेल्युलॉइडची पट्टी घेतली, ती उभी चिरून ३५ मिलिमीटर रुंद केली आणि दोन्ही कडांना भोकं पाडली. दर फ्रेमला एका बाजूला चार. या भोकांत दातेरी चाकाचे दात अडकतात आणि पट्टी नेमकी एक-एक फ्रेम पुढे सरकते.

भोकं किती, केवढी, किती अंतरावर हे फार किरकोळ वाटतं. पण फिल्मचा फॉरमॅट म्हणजे तेच. चित्रात काय आहे याच्याशी मशीनला देणंघेणं नाही. दात आणि भोकं जुळली तर सिनेमा चालेल, नाही जुळली तर पट्टी फाटेल.

एडिसनचं किनेटोस्कोप म्हणजे एक लाकडी पेटी, वर डोळा लावायचं भोक, आत फिरणारी पट्टी. एका वेळी एकाच माणसाने बघायचं. (मोबाईलवर एकट्याने रील बघणारे आपण, आपल्याला त्यात नवल वाटायला नको.) १४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कमध्ये अशा दहा पेट्यांचं दुकान उघडलं. पडद्यावर दाखवायचं मशीन काढायला एडिसन सुरुवातीला राजी नव्हता. शंभर जणांनी शंभर पेट्यांत डोकवावं, त्यात धंदा जास्त, असा त्याचा हिशेब.

आणि एक गोष्ट त्याने केली नाही. किनेटोस्कोपचं पेटंट त्याने परदेशात घेतलं नाही. लंडनमध्ये रॉबर्ट पॉल नावाच्या कारागिराने बघून बघून तसंच मशीन बनवलं, कायद्याने त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनीही ३५ मिलिमीटरच्याच पट्टीवर आपला सिनेमॅटोग्राफ केला आणि डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसला पडद्यावर खेळ दाखवले. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये जो पहिला खेळ झाला तो ल्युमिएरांचाच. पण त्यांच्या पट्टीला फ्रेममागे प्रत्येक बाजूला एकच गोल भोक होतं आणि सेकंदाला साधारण १६ फ्रेम. एडिसनची पट्टी चाळीसच्या आसपास फ्रेमनी पळायची. म्हणजे रुंदी एकच, दिसायला सारखीच, तरी एकाची फिल्म दुसऱ्याच्या मशीनवर चालायची नाही. डिक्सन पुढे एडिसनला सोडून गेला आणि नव्या कंपनीत त्याने ६८ मिलिमीटरची मोठी फिल्म वापरली. चित्र जास्त सुंदर, पण मशीन फक्त त्यांचंच. नंतर त्यांनाही ३५ वर यावं लागलं.

अमेरिकेत मात्र एडिसनने कोर्टकचेऱ्या भरपूर केल्या. १९०२ मध्ये अपील कोर्टाने त्याचा मोठा दावा फेटाळला, तरी तो थांबला नाही. १९०८ मध्ये मोठ्या कंपन्यांना एकत्र करून पेटंटची कंपनीच काढली, आणि कॅमेरा, प्रोजेक्टर वापरायचा तर लायसन्सचे पैसे द्या असा नियम केला. १९१५ मध्ये कोर्टाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. पण तोपर्यंत काम झालं होतं. १९०९ मध्ये पॅरिसला जमलेल्या फिल्म बनवणाऱ्यांनी ३५ मिलिमीटर आणि एडिसनची भोकं हेच माप मान्य केलं.

याचा एक धागा थेट आपल्या घरात येतो. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा सोबत भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं. कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकं न पाडलेली मिळायची. मुंबईतल्या घरात, रात्री, अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत बसायच्या. एक भोक जरी चुकलं तरी कॅमेऱ्यात पट्टी अडकणार. त्या कष्टांतून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. वेस्ट ऑरेंजच्या लॅबमध्ये ठरलेलं माप आणि दादरच्या घरात ते पाळणाऱ्या सरस्वतीबाई, यांच्यामध्ये कुठलाही करार नव्हता. माप सगळ्यांना माहीत होतं, एवढंच.

१९०८ चं अपडेट

आता गाण्यांकडे परत येऊ, कारण आपला खरा विषय तिथे आहे.

मेणाच्या सिलिंडरवर फक्त दोन मिनिटांचं गाणं मावायचं. नळीवर दर इंचाला १०० खाचा, मिनिटाला १६० फेरे, की झाली दोन मिनिटं. तिकडे बर्लिनरची चपटी तबकडी आणि ती विकणारी व्हिक्टर कंपनी पुढे चालली होती. तबकडी ठेवायला सोपी, छापायला सोपी, आणि मोठ्या तबकडीवर गाणंही लांब मावायचं. आपल्याकडे आजोबांच्या ग्रामोफोनवर तबकड्याच का, सिलिंडर का नाही, याचं उत्तर हेच.

एडिसनने उत्तर दिलं १९०८ मध्ये. ॲम्बेरॉल नावाचा नवीन सिलिंडर. लांबी तीच, जाडी तीच, पण दर इंचाला २०० खाचा. गाणं चार मिनिटांचं. बाहेरून बघितलं तर जुना आणि नवा सिलिंडर जवळजवळ सारखेच. पण नवा सिलिंडर जुन्या मशीनवर लावला तर? जुन्या मशीनचं चक्र सुईला इंचाला १०० खाचांच्या हिशेबाने पुढे ढकलणार, आणि सुई तर नव्या खाचेपेक्षा जाडी. गाणं उड्या मारणार आणि मेण खरवडलं जाणार.

इथे थांबून तुमच्या फोनकडे बघा. व्हिडिओच्या नावापुढे एमपी4 किंवा एमकेव्ही असं लिहिलेलं असतं. तो फक्त डबा, म्हणजे कंटेनर. सिलिंडरच्या बाहेरच्या मापासारखा. आत चित्र एच.264 मध्ये आहे, एचईव्हीसीमध्ये आहे की एव्ही1 मध्ये, आणि आवाज एएसी आहे की एसी3 की डीटीएस, हे डब्यावरून कळत नाही. हे आतले कोडेक म्हणजे खाचा. दोन एमकेव्ही फायली दिसायला जुळ्या बहिणी, पण एक चालते आणि दुसरी नाही, ती यामुळे.

आणि प्लेअरच्या अपडेटमध्ये काय होतं? बऱ्याचदा प्लेअरच्या आतली सुई बदलते. काही कोडेकवर पेटंट असतात, लायसन्सचे पैसे पडतात, म्हणून काही प्लेअर नव्या व्हर्जनमधून त्यांचा सपोर्ट काढून टाकतात. सिनेमा दिसतो पण आवाज नाही, हे बहुतेक वेळा एसी3 किंवा डीटीएस आवाजाच्या बाबतीत होतं, ते त्यामुळेच. (पेटंटच्या या खेळात एडिसन आजच्या कंपन्यांचा आजोबा शोभला असता.) कधी नवीन व्हर्जन आपोआप फोनच्या चिपमधला डीकोडर वापरायला लागतं आणि त्या चिपला तो प्रकार येतच नसतो. मग सेटिंगमध्ये हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअर डीकोडर निवडला की व्हिडिओ चालतो, फक्त बॅटरी जास्त खातो. तेव्हा फाईल डिलीट करायच्या आधी हे करून बघा. त्यानेही जमलं नाही तर व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून बघा. त्याच्याकडे बहुतेक कोडेक स्वतःचे असतात. तिथे चालला तर फाईल धडधाकट आहे. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून कोडेक पॅक नावाची एपीके मात्र टाकू नका.

एडिसनच्या कंपनीने १९०८ मध्ये सुरुवातीला ग्राहकांची काळजी घेतली, हे सांगायला हवं. जुन्या मशीनसाठी नवीन चाकं आणि बारीक सुईचा भाग असा किट विकायला काढला. दोन्ही प्रकार वाजवणारी नवी मशीनंही आली, एक खिट्टी फिरवली की दोन मिनिटांवरून चार मिनिटांवर. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं.

पण मेणाचे चार मिनिटांचे सिलिंडर ठिसूळ निघाले, लवकर झिजायचे, तडकायचे. म्हणून १९१२ मध्ये सेल्युलॉइडचा निळा, टणक ब्ल्यू ॲम्बेरॉल आला आणि त्याच्यासाठी हिऱ्याची सुई असलेलं जड डोकं. आवाज खणखणीत, सिलिंडर पडला तरी फुटत नाही. फक्त ती जड हिऱ्याची सुई जुन्या मेणाच्या सिलिंडरवर ठेवली तर मेण कापलं जायचं. तुम्ही चार वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला ॲम्बेरॉल नव्या मशीनवर लावलात की गाणं वाजता वाजता खराब. आणि थोड्याच काळात कंपनीच्या नव्या मशीनमधून दोन मिनिटांची सोयच गेली. १८८८ पासूनची मेणाची गाणी, घरी केलेली रेकॉर्डिंगं, आजीचा आवाज, लहान मुलाचं पहिलं बोलणं, हे सगळं ऐकायचं तर जुनं मशीन जपून ठेवणं एवढाच उपाय उरला. ज्यांनी नवीन घेताना जुनं मोडीत दिलं, त्यांच्या कपाटात मग नुसत्या मेणाच्या नळ्या राहिल्या.

सगळ्यात चांगला आवाज, कुणालाच न चालणारा

शेवटी एडिसननेही तबकडी काढली, १९१२ मध्ये, डायमंड डिस्क. पाव इंच जाड, मिनिटाला ८० फेरे. व्हिक्टरच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलायची, एडिसनच्या तबकडीत वर-खाली, डोंगर-दरीसारखी. परिणाम असा की एडिसनची तबकडी व्हिक्टरच्या मशीनवर वाजत नाही आणि व्हिक्टरची एडिसनच्या मशीनवर नाही. व्हिक्टरची लोखंडी सुई डायमंड डिस्कवर ठेवलीत तर तबकडीच बाद. दुसऱ्या लोकांनी मग जोडण्या बनवून विकल्या, दोन्हीकडचं एका मशीनवर ऐकता यावं म्हणून. एडिसनच्या कंपनीला त्यात रस नव्हता.

आवाज खरंच चांगला होता, यात वाद नाही. १९१५ पासून कंपनीने शहराशहरांत कार्यक्रम केले. स्टेजवर गायिका आणि शेजारी मशीन, मध्येच दिवे घालवायचे, आणि गातंय कोण ते लोकांनी ओळखायचं. लोक फसायचे. गायिका रेकॉर्डसारखं गायला शिकल्या होत्या, हा भागही त्यात होता म्हणा.

पण लोक रेकॉर्ड आवाजासाठी कमी आणि गायकासाठी जास्त विकत घेतात. कारुसो ऐकायचा तर व्हिक्टरच घ्यावा लागे. एडिसनला हे पटायचं नाही. गायकांची नावं त्याला महत्त्वाची वाटत नव्हती, सुरुवातीच्या डायमंड डिस्कवर ती छापलीही नाहीत. कोणती गाणी काढायची हे तो बऱ्याचदा स्वतः ठरवायचा. आणि मघाशी सांगितलं ते आठवा, त्याला ऐकू फार कमी यायचं. मशीनच्या लाकडाला दात लावून, कवटीतून येणाऱ्या कंपनांवर तो गाणं तपासायचा. साठी ओलांडलेला, जवळजवळ बहिरा माणूस अख्ख्या देशाने काय ऐकावं ते ठरवतोय. त्याच्या जिद्दीचं कौतुक वाटतं आणि त्याच्या कंपनीतल्या विक्रेत्यांची कीवही येते.

सिलिंडरवाल्या जुन्या ग्राहकांना त्याने सोडलं नाही, ही त्याची चांगली बाजू. पण १९१५ पासून त्यांना जे मिळालं ते डायमंड डिस्कवरून उतरवलेलं. तबकडी वाजवायची, भोंग्यातून आलेला आवाज दुसऱ्या भोंग्याने पकडायचा आणि सिलिंडरवर घ्यायचा. आवाज डब्यात बसून गायल्यासारखा यायचा. आपण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून फिरून आलेला व्हिडिओ परत कन्व्हर्ट करतो तेव्हा होतं तेच. म्हणून कन्व्हर्ट करायचीच वेळ आली तर आधी फक्त डबा बदलून बघा, म्हणजे आतलं चित्र-आवाज न छेडता एमकेव्हीचं एमपी4 करणं. याला रिमक्स म्हणतात, त्यात क्वालिटी जात नाही. फक्त आवाजाचाच प्रॉब्लेम असेल तर तेवढाच एएसीमध्ये बदला. आणि मूळ फाईल ठेवून द्या.

त्याच्या आणखी काही फॉरमॅटचं असंच झालं. १९१२ मध्ये घरगुती प्रोजेक्टर काढला, त्याची फिल्म २२ मिलिमीटरची आणि तिच्यावर चित्रांच्या तीन रांगा. एक रांग सरळ बघायची, दुसरी पट्टी उलटी फिरवत, तिसरी परत सरळ. डोकं भारी, पण थिएटरचा सिनेमा त्यावर लागत नाही आणि त्यावरचा थिएटरात नाही. चालला नाही. १९२६ मध्ये लाँग प्ले तबकडी आणली, इंचाला ४५० खाचा, बारा इंचीवर दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं. काळाच्या वीस-बावीस वर्षं पुढे. पण खाचा इतक्या नाजूक की सुई त्यांच्या भिंती मोडायची, आणि आवाजही बारीक.

तोपर्यंत घरोघरी रेडिओ आला होता. अखेर १९२९ च्या उन्हाळ्यात एडिसनच्या कंपनीने व्हिक्टरसारखी, डावी-उजवी हलणारी, कुठल्याही ग्रामोफोनवर चालणारी तबकडी काढली. सतरा वर्षं उशिरा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शेअरबाजार कोसळला त्या दिवसांत, कंपनीने रेकॉर्डचा धंदा बंद केला. एडिसन तेव्हा ८२ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ ला, वेस्ट ऑरेंजच्या घरी तो गेला. त्याची ३५ मिलिमीटरची पट्टी मात्र चार भोकांसकट थिएटरांतून चालू राहिली, अगदी डिजिटल प्रोजेक्टर येईपर्यंत.

सतरा सेकंद

डिक्सन अजून एडिसनकडे होता तेव्हा, १८९४-९५ च्या सुमाराला, त्यांनी चित्र आणि आवाज एकत्र घ्यायचा प्रयोग केला होता. डिक्सन एका भल्यामोठ्या भोंग्यासमोर व्हायोलिन वाजवतोय आणि शेजारी दोन माणसं नाचतायत, एवढंच त्यात आहे. चित्र फिल्मवर, आवाज सिलिंडरवर. फिल्म पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे राहिली, मुकी. सिलिंडर वेस्ट ऑरेंजला सापडला तो तुटलेला. १९९८ मध्ये तो जोडून त्यावरचा आवाज उतरवून घेतला, आणि मग वॉल्टर मर्च या नामवंत फिल्म एडिटरने कॉम्प्युटरवर चित्र आणि आवाज जुळवले. एकाच वेळी टिपलेली ही दोन रेकॉर्डिंगं शंभरेक वर्षांनी एका फाईलमध्ये आली.

चित्र जेमतेम सतरा सेकंदांचं आहे. इंटरनेटवर डिक्सन एक्सपरिमेंटल साउंड फिल्म असं शोधलंत तर फोनवर मिळेल, प्लेअर कुठलाही असो. आवाज मोठा ठेवा. सिलिंडरवर व्हायोलिन सुरू होण्याआधी कोणीतरी, बाकीचे तयार आहेत ना, असं विचारल्याचं ऐकू येतं.